स्लाइस जातो आणि परत येतो: साठीनंतरच्या गोल्फरने कुठे कुठे तपासायचं

तक्रार बहुतेकांची एकच असते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, आठवडाभर बॉल सरळ जातोय, कोचने सांगितलेलं जमतंय, आणि राउंडला उभं राहिलं की चौथ्या-पाचव्या होलला ड्रायव्हरचा बॉल उजवीकडे वळत वळत झाडीत. मग परत ग्रिप बदला, परत व्हिडिओ बघा, परत दोन आठवडे बरं आणि परत तेच. साठी ओलांडलेल्या आपल्या वयाच्या खेळाडूंना हा स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा फटका, जुनाट खोकल्यासारखा चिकटलेला असतो, औषध घेतलं की दबतो आणि हवा बदलली की वर येतो.

माझं मत सांगतो. आपण सगळे तो कसा घालवायचा एवढंच विचारतो, पण तो नेमका कधी परत येतो याची नोंद कुणी ठेवत नाही. पहिल्या तीन होलला येतो का, शेवटच्या पाच होलला येतो का, फक्त ड्रायव्हरलाच येतो का, की समोर पाणी दिसलं आणि लांब मारायचं मनात आलं की येतो, या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि इलाजही वेगळा. पुढच्या चार-पाच राउंडला स्कोअरकार्डच्या कडेला नुसती एक खूण करत जा, ज्या होलला स्लाइस झाला तिथे टिंब. एवढं केलं तरी निम्मं काम होतं. (खाली सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलट करून वाचा.)

आधी तो खरंच स्लाइस आहे का ते बघा

उजवीकडे गेलेला प्रत्येक बॉल स्लाइस नसतो. सरळ रेषेत उजवीकडे गेला आणि हवेत वळलाच नाही तर तो पुश, त्याला स्लाइसचे उपाय लावले तर गोंधळ वाढतो. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या, बॉल निघाला कुठे आणि वळला कुठे.

इथे आपल्या पिढीची एक अडचण आहे. आपल्यातले बरेच जण जेव्हा शिकले तेव्हा सांगायचे की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा चेहरा, जिकडे असेल तिकडे वळतो. नंतर रडारवर बॉल आणि क्लब दोन्ही मोजता यायला लागले तेव्हा कळलं की तसं नाहीये. बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे, ड्रायव्हरला तर तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा फेसचाच, आणि वळतो तो फेस आणि क्लबचा पाथ (क्लब बॉलवर येतो ती वाट) यांच्यात जो फरक असेल त्यामुळे. फेस पाथच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, असला की बॉल उजवीकडे वळणार, मग तुम्ही डावीकडे कितीही मारा. जुना नियम डोक्यात ठेवून दुरुस्ती करायला गेलं की माणूस आणखी डावीकडे स्विंग करतो, फरक वाढतो आणि बॉल आणखी वळतो. हे इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की पहिलं तेच विचारतो आता.

तर बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर तुमचा पाथ बाहेरून आत (अंगापासून लांबून अंगाकडे) येतोय, म्हणजे दोष बहुतेक अंगाच्या वळण्यात किंवा उभं राहण्यात आहे. बॉल सरळ किंवा उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस उघडा राहतोय, तिथे आधी ग्रिप बघायची.

तिसरी शक्यता लोक विसरतात, बॉल फेसवर लागतोय कुठे. ड्रायव्हरच्या हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांडीच्या) बाजूला बॉल लागला तर क्लबहेड जरासं फिरतं आणि बॉलला उजवीकडे वळणारी फिरकी मिळते, स्विंग चांगला असला तरी. तपासायला पायांसाठीचा पावडरचा स्प्रे येतो तो घ्या, फेसवर पातळ पांढरा थर बसू द्या आणि पाच बॉल मारा. प्रत्येक बॉलनंतर फेस डोळ्यांजवळ आणून बघा, पावडरमध्ये गोल ठसा उमटलेला दिसेल, बॉलवरच्या खळग्यांची नक्षीसुद्धा दिसते. पाचपैकी तीन-चार ठसे हीलकडे असतील तर ग्रिपला हात लावू नका. बॉलपासून एक-दोन बोटं लांब उभं राहून बघा, आणि वजन खाली येताना पायाच्या पंजावर ढकललं जातंय का तेही बघा, कारण वय वाढलं की तोल पुढे जातो आणि सगळा क्लबच बॉलच्या दिशेने बाहेर सरकतो. एक लक्षात ठेवा, हे सगळं सरावातच करायचं, राउंड चालू असताना फेसला असं काही लावणं नियमात बसत नाही.

पहिल्या तीन-चार होललाच येतो

टिंबं सुरुवातीला असतील तर स्विंगचा विचार सोडा, अंग गार आहे. बॅकस्विंगला उजवा खुबा आतल्या बाजूला फिरावा लागतो आणि पाठीचा वरचा भाग वळावा लागतो. बसून आलेल्या, पंचेचाळीस मिनिटं गाडी चालवून आलेल्या साठीच्या माणसाचे हे दोन्ही भाग आखडलेले असतात. मग काय होतं की वळायला जागा नाही म्हणून हात नुसते वर उचलले जातात, आणि वर उचललेले हात खाली येताना बाहेरूनच येतात, खांदा पुढे ढकलला जातो आणि झाला स्लाइस. सहाव्या होलपर्यंत चालून चालून अंग मोकळं झालं की आपोआप बरा होतो आणि आपल्याला वाटतं की मधे केलेला काहीतरी बदल लागू पडला.

दहा मिनिटं लवकर पोचा. वाकून पायाचे अंगठे धरून तसंच थांबायचं स्ट्रेचिंग नको, हालचालीचं पाहिजे. क्लबचा आधार घेऊन एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवा, क्लब दोन्ही खांद्यांवर आडवा धरून हळूहळू डावी-उजवीकडे वळा, मग वेजने अर्धे स्विंग, मग एखादं मधलं आयर्न, आणि ड्रायव्हर शेवटी तीन-चार बॉल. वेळच नसेल तर बॉल मारूच नका पण अंग फिरवा. आणि पहिल्या होलला ड्रायव्हर घ्यायलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही, हायब्रिडने सुरुवात केलेली चालते.

फक्त ड्रायव्हरलाच येतो

आयर्न सरळ आणि ड्रायव्हर वाकडा असेल तर कारण बरंचसं सामानात आणि बॉल कुठे ठेवला त्यात असतं. ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेसचा वर झुकलेला कोन) कमी, आणि लॉफ्ट जितका कमी तितका तोच फेस-पाथचा फरक बॉलला जास्त वळवतो. वेजने स्लाइस का होत नाही याचं उत्तर हेच. वीस वर्षांपूर्वी घेतलेला ९ डिग्रीचा स्टिफ शाफ्टचा ड्रायव्हर अजून बॅगेत असेल तर तो तेव्हाच्या वेगासाठी होता. आज स्विंगचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास किंवा खाली असेल तर १२ डिग्री लॉफ्ट, हलका आणि मऊ शाफ्ट, आणि शाफ्टची लांबी अर्धा-एक इंच कमी, एवढ्याने खूप फरक पडतो. आखूड शाफ्टने बॉल फेसच्या मधे लागण्याची शक्यता वाढते, आणि मधे लागलेला बॉल हीलला लागलेल्यापेक्षा लांबच जातो. घेण्याआधी जिथे वेग आणि बॉलची फिरकी मोजून देतात तिथे मारून बघा, नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. हॉझल (शाफ्ट हेडला जोडतो तो भाग) फिरवून सेटिंग बदलता येणारा ड्रायव्हर असेल तर ड्रॉ, म्हणजे बॉल डावीकडे वळवणारं, सेटिंग लावून ठेवा, फक्त राउंड सुरू झाल्यावर ते बदलायचं नाही.

बॉलची जागा हा भाग मात्र फुकटचा आहे आणि तोच जास्त वेळा बिघडतो. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या रेषेत. महिन्याभरात तो कळत नकळत पुढे सरकतो, डाव्या अंगठ्यापर्यंत जातो, आणि बॉल पुढे गेला की त्याच्यापर्यंत पोचायला खांदे आपोआप डावीकडे उघडतात. खांदे डावीकडे म्हणजे पाथ डावीकडे. सरावाला जमिनीवर दोन काठ्या ठेवा, एक पायांच्या रेषेत, एक तिला काटकोनात डाव्या टाचेपासून बॉलकडे. आरशात किंवा फोनवर खांदे बघा, पाय नीट असतात आणि खांदे उघडे असतात हे फार लोकांचं होतं. टी (बॉल ठेवायची खुंटी) पण जरा उंच ठेवा, क्लब जमिनीवर टेकवल्यावर साधारण अर्धा बॉल ड्रायव्हरच्या वर दिसला पाहिजे. टी खाली असली की वरून खाली मारायची सवय लागते आणि तीच बाहेरून आत आणते.

शेवटच्या होलला येतो

बॅक नाइनला, म्हणजे शेवटच्या नऊ होलला, टिंबं साचत असतील तर पाय थकतात हे सरळ कारण. पाय थांबले की कंबर वळत नाही, मग हात काम पुढे ओढतात. पण मी पायांच्या आधी हात तपासायला सांगेन, कारण ते लगेच दुरुस्त होतं. बोटांत संधिवात असेल, किंवा सकाळी मूठ घट्ट वळत नसेल, तर क्लब निसटेल या भीतीने तुम्ही नकळत आवळून धरता, आणि आवळलेल्या मनगटातून फेस बंद होत नाही. त्यात ग्रिप जुनी, कडक, गुळगुळीत झालेली असेल तर पंधराव्या होलला घामाने आणखी आवळावी लागते.

ग्रिपवर अंगठ्याचं नख रेटून बघा. मऊ रबरात नख जरा रुतायला पाहिजे, घसरत असेल तर ग्रिप बदला. नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा बदलाव्यातच. सांधे दुखणाऱ्यांनी मऊ आणि थोडी जाड, मिडसाइज ग्रिप लावून बघावी, कमी जोरात धरता येते. इथे एक सावधगिरी, काहींना जास्त जाड ग्रिपने मनगट कमी फिरतं आणि फेस उघडाच राहतो, म्हणून सगळ्या क्लबांना एकदम लावू नका, एका आयर्नला आणि ड्रायव्हरला लावून महिनाभर बघा.

ग्रिप धरायची पद्धत पण इथेच सांगून टाकतो. डावा हात ठेवल्यावर वरून बघितलं की बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींपैकी निदान दोन, आपल्या वयाला तीन, दिसल्या पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी इंग्रजी व्ही सारखी खाच होते ती उजव्या खांद्याकडे बघत असली पाहिजे. एकच गाठ दिसत असेल आणि खाच हनुवटीकडे असेल तर ती ग्रिप कमकुवत आहे, आणि मनगटाचा वेग कमी झालेल्या माणसाला कमकुवत ग्रिपने फेस वेळेत बंद करता येणं अवघड जातं. क्लब बोटांत धरा, तळहातात नको. हे पहिले दोन आठवडे फार विचित्र लागतं, बॉल डावीकडे जातात, तरी बदलू नका. डावीकडे जाणारा बॉल हा चांगला निरोप आहे, फेस बंद होतोय.

पायांसाठी राउंडच्या मधे बसून राहणं टाळा, पाणी तहान लागायच्या आधी प्या, आणि घरी आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकवता उठ-बस करा. सोपं वाटतं पण मांड्यांची ताकद त्यानेच टिकते.

लांब मारायला गेलं की येतो

हे टिंब सगळ्यात त्रासदायक, कारण इथे क्लबचा दोष नसतो, आपण बॉलकडून जे मागतोय ते जास्त असतं. वय वाढतं तसा स्नायूंचा झटपटपणा ताकदीपेक्षा लवकर कमी होतो, म्हणून पूर्वीच्या २२० यार्डांच्या जागी १८० येतात, आणि ४०० यार्डांच्या पार फोरला (चार फटक्यांत संपवायच्या होलला) दोन फटक्यांत पोचायचं म्हटलं की माणूस खांद्याने ओढतो. ओढला की बाहेरून आत.

यावर माझा आग्रह एकच आहे, पुढच्या टीवरून, म्हणजे होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून, खेळा. अमेरिकेत यूएसजीए (तिथली गोल्फ संघटना) आणि पीजीए ऑफ अमेरिका (गोल्फ प्रशिक्षकांची संघटना) यांनी २०११ मध्ये याच गोष्टीची मोहीम काढली होती, आपल्या ड्रायव्हरच्या अंतराला जुळणाऱ्या टीवरून खेळा म्हणून. त्यांच्या तक्त्यात ड्रायव्हर २०० यार्ड जाणाऱ्याला अठरा होलचं मैदान साधारण ५,२०० ते ५,४०० यार्डांचं सुचवलंय, आणि १७५ वाल्याला ४,४०० ते ४,६०० चं. आपल्यातले किती जण सहा हजारांवरून झुंजतात बघा. पुढच्या टीवर जाण्यात कमीपणा काही नाही, उलट दुसरा फटका फेअरवे वुडच्या ऐवजी सात आयर्नने मारता येतो आणि जोर काढायचं कारणच उरत नाही. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांचा स्लाइस निम्मा तिथेच कमी झाला, बाकी काही न बदलता.

वेग वाढवायचाच असेल तर तो सरावात वाढवा, राउंडमध्ये नको. ड्रायव्हर उलटा धरा, हेडच्या बाजूने, आणि बॉल न ठेवता जोरात फिरवा. हवेचा सूं आवाज येतो. तो आवाज कुठे येतोय ते कान देऊन ऐका. उजव्या खांद्याजवळ आला तर तुम्ही सगळा वेग वरच खर्च करताय, स्लाइस करणाऱ्यांचा बहुधा तिथेच येतो. तो आवाज डाव्या पायाच्या पुढे यायला पाहिजे. पाच-सहा वेळा फिरवा, थांबा, दम घ्या, परत पाच-सहा. जोडीला डाव्या बाजूनेही फिरवा, पाठ एकाच बाजूला ताणली जात नाही.

अंग वळतच नाही त्यांनी काय करायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पुस्तकातला स्विंग तिशीच्या अंगासाठी काढलेला असतो आणि तो आपल्या अंगावर बसवायला गेलं की कंबर दुखते आणि स्लाइसही राहतो.

खुर्चीवर बसा, गुडघे जुळवून, क्लब छातीशी आडवा धरून उजवीकडे वळा. पंचेचाळीस अंशांपर्यंत आरामात जाता आलं तर पाठ बरी आहे. तिथपर्यंत जात नसेल तर पाठीचा वरचा भाग आखडलाय. मग उभं राहून उजव्या पायावर वजन घेऊन कंबर उजवीकडे फिरवून बघा, लगेच अडली तर खुबा आखडलाय. दोन्हीवर रोज पाच मिनिटांची कसरत करता येते, पण ती लागू पडायला महिने लागतात, तोवर खेळायचं कसं, तर उभं राहणं बदलायचं.

उजवा पाय बाहेरच्या बाजूला वीस-तीस अंश उघडा. लगेच खुब्याला जागा मिळते. मग उजवा पाय अर्धा पाऊल मागे घ्या, म्हणजे पायांची रेषा लक्ष्याच्या थोडी उजवीकडे जाईल, खांदे पण तसेच राहू द्या. याने बॅकस्विंगला वळणं सोपं होतं आणि क्लब आतून यायला वाट मिळते. आणि डावी टाच वर उचलू द्या. टाच जमिनीला चिकटलेलीच पाहिजे हा हट्ट नंतरचा आहे, जॅक निकलस आयुष्यभर डावी टाच उचलूनच खेळले आणि १९८६ ला वयाच्या ४६ व्या वर्षी मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकले. टाच उचला, आणि खाली येताना आधी ती टेकवा, मग हात येऊ द्या. एवढा एकच क्रम डोक्यात ठेवला तरी खांदा पुढे धावत नाही.

अंगाची मर्यादा म्हणजे वाकडा बॉल असं मानायचं कारण नाही हे सांगायला कॅल्विन पीट यांचं उदाहरण मला फार आवडतं. लहानपणी कोपर मोडलं, डावा हात कधीच पूर्ण सरळ झाला नाही, गोल्फ विशीनंतर सुरू केलं, आणि १९८१ पासून सलग दहा वर्षं पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत) फेअरवेत, म्हणजे होलच्या मधल्या कापलेल्या पट्ट्यात, बॉल ठेवण्यात ते पहिले. डावा हात सरळ ठेवा हा नियम ज्यांना ज्यांना टोचतो त्यांनी हे लक्षात ठेवावं, थोडा वाकला तरी चालतो. आणि टॉम वॉटसन, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये खुब्याचा सांधा बदलला आणि पुढच्या जुलैत टर्नबेरीला वयाच्या ५९ व्या वर्षी ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या शेवटच्या होलला आघाडीवर होते, बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंककडून हरले पण तिथवर आले. अर्थात तुमचा सांधा बदललेला असेल तर किती आणि कधी वळायचं हे डॉक्टरच सांगतील.

चष्मा

याबद्दल कोच सहसा बोलत नाहीत कारण ते चाळिशीच्या आतले असतात. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचायचा असतो. बॉलकडे बघताना नजर बरोबर त्याच भागातून जाते, बॉल धूसर दिसतो, मग आपण वरच्या काचेतून बघायला हनुवटी छातीत घुसवतो. हनुवटी छातीत गेली की डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागा राहत नाही, वळणं अर्ध्यावर थांबतं, हात वर उचलतात, पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाजूने काढलेल्या फोटोत मान बघा, हनुवटी आणि छाती यांच्यात मूठभर जागा दिसली पाहिजे. गोल्फसाठी फक्त लांबचं बघायचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. स्कोअर लिहायला जवळचं दिसणार नाही, त्याला खिशात वाचायचा छोटा ठेवा. ग्रीनवरचा (होलभोवतीच्या बारीक गवताचा) उतार वाचायलाही हाच चष्मा बरा पडतो.

रेंजवर बरं, कोर्सवर नाही

बॉलची बकेट घेऊन एकाच जागी, एकाच क्लबने, एकाच दिशेला चाळीस बॉल मारले की दहाव्या बॉलनंतर सरळ जायला लागतात. ते शिकणं कमी आणि तात्पुरतं जुळवून घेणं जास्त असतं, दर बॉलला आपण मागच्या बॉलवरून थोडं थोडं सुधारतो. कोर्सवर मात्र ड्रायव्हर एकदा मारला की पुढचा वीस मिनिटांनी. सराव आलटून-पालटून केला तर त्या दिवशी वाईट दिसतो पण टिकतो, हे हालचाली कशा शिकल्या जातात त्यावर झालेल्या अभ्यासात वारंवार दिसलंय. म्हणून अर्धी बकेट नवीन गोष्ट बसवायला घ्या, हळू, अर्ध्या वेगाने, आणि उरलेली अर्धी राउंडसारखी खेळा. डोळ्यांसमोर पहिला होल आणा, ड्रायव्हर, मग आयर्न, मग चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), प्रत्येक बॉलआधी मागे जाऊन दिशा बघून परत उभं राहायचं. बॉल कमी होतील, होऊ द्या, आपल्या कोपरांनाही ते बरं.

पाथसाठी एक साधन पुरतं. बॉलच्या पलीकडे, म्हणजे पायांपासून लांबच्या बाजूला, पाच-सहा बोटं सोडून ड्रायव्हरचं रिकामं हेडकव्हर ठेवा. बाहेरून आलात तर ते उडेल. सुरुवात सात आयर्नने, अर्ध्या स्विंगने. मॅटवरून मारत असाल तर आणखी एक, मॅट चुका लपवतं, मागे टेकलेला क्लब घसरून बॉलला लागतो आणि फटका बरा वाटतो. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर दुमडलेला टॉवेल ठेवला तर खरं कळतं.

राउंडमध्ये अचानक सुरू झाला तर

त्या दिवशी स्विंग दुरुस्त करू नका. टी बॉक्सच्या उजव्या टोकाला टी लावा, फेअरवेच्या डाव्या अर्ध्यावर नेम धरा आणि बॉलला वळायला जागा द्या. याने पाथ आणखी डावीकडे जातो हे खरंय, म्हणून ही युक्ती फक्त त्या राउंडपुरती, सरावात पायांची रेषा परत उजवीकडे. ड्रायव्हर ठेवून पाच वुड किंवा हायब्रिड घ्या, जास्त लॉफ्ट म्हणजे कमी वळण. बॉल हरवल्यासारखा वाटला तर पुढे चालत जायच्या आधीच प्रोव्हिजनल बॉल (पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा) मारा, शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. आणि झाडीतून हिरोगिरी नको, आडवं फेअरवेवर काढा, तिथून चिप आणि पटने बोगीवर (पारपेक्षा एक फटका जास्त) भागतं. चिपिंगला ताकद लागत नाही, वय आड येत नाही, म्हणून आठवड्यातला निम्मा सराव ग्रीनच्या आसपास असावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

बरं होतंय की नाही हे एका राउंडवरून ठरवू नका. हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा) सुद्धा २०२० पासूनच्या पद्धतीत शेवटच्या वीस स्कोअरमधल्या चांगल्या आठांवरून निघतो. तसंच टिंबांचं, पाच-पाच राउंडची टिंबं मोजून मागच्या पाचांशी ताडा, आणि त्या मुदतीत एकच गोष्ट बदला. ग्रिप, ड्रायव्हर आणि उभं राहणं तिन्ही एकदम बदललं तर कशाने गेला ते कळणार नाही, आणि परत आला की परत पहिल्यापासून सुरू.

दोन-तीन महिन्यांनी टिंबं कमी झाली नाहीत तर कोचकडे जा, पण तयारीने जा. दोन व्हिडिओ न्या, एक समोरून, एक मागून लक्ष्याच्या रेषेत, फोन हातांच्या उंचीवर ठेवून. एक व्हिडिओ ताज्या अंगाचा आणि जमलं तर एक पंधराव्या होलनंतरचा. टिंबं असलेली कार्डं दाखवा, कुठला सांधा दुखतो ते आधीच सांगा. आणि मारताना किंवा दुसऱ्या दिवशी कंबरेतून पायात कळ जात असेल, बोटांना मुंग्या येत असतील, खांदा रात्री झोपू देत नसेल, तर कोचच्या आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत फक्त पटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब).